उभ्या काड्या

"काका, तुम्ही मेला का नाहीत?"

प्रश्न बाहेर पडला तो सावाकोच्या तोंडून, पण तो तिचा एकटीचा नव्हता. शाळेतून येताना तोमिए आणि मित्सुयोने तो तिच्या गळ्यात बांधला होता.

"वर्गाची पुढारी झालीस ना? परवा भाषणात टेबलावर मूठ आपटलीस ना? मग जा, त्या ईसाकुला विचारून दाखव," तोमिए म्हणाली होती.

"आता लोकशाही आलीय बाई," मित्सुयोने तेल ओतलं. "कुणीही कुणालाही काहीही विचारावं. की तुझी लोकशाही टेबलापुरतीच?"

असं कुणी म्हटल्यावर सावाको उराबे मागे हटेल? शक्यच नाही! लढाई हरून संपली त्याला वर्ष उलटून गेलं होतं. पुस्तकांतल्या शौर्याच्या धड्यांवर पोरींनी, वरून हुकूम आला म्हणून, आपल्याच हातांनी काळी शाई फासली होती. वसंतात आईने जन्मात पहिल्यांदा मत दिलं होतं. आणि याच सुमाराला सावाकोला शोध लागला होता की आपल्याला आवाज आहे, आणि तो चांगला खणखणीत आहे. तेव्हापासून ती तो जागोजागी वाजवून बघत होती.

ईसाकु कुमे त्या वेळी जेवत होता, आणि तेही स्वतःच्या थडग्याला पाठ टेकून.

ते थडगं खरोखरच त्याचं होतं. तो दक्षिणेच्या समुद्रात वीरमरण पावल्याचं सरकारी पत्र आलं, भिक्षूने मंत्र म्हटले, गावाने दगड उभा केला, त्यावर त्याचं नाव कोरलं. आणि या उन्हाळ्याच्या सुरुवातीला हा बाबा लंगडत लंगडत बोटीतून उतरला. कैदेतून. म्हणजे हात वर करून शत्रूच्या स्वाधीन झालेला. भावाने घराचं दार उघडलं, पण अर्धंच. तेव्हापासून तो किनाऱ्यावरच्या पडक्या होडीघरात राहायचा, होड्यांच्या फटी बुजवायचा आणि धुतलेला सदरा आपल्याच थडग्यावर वाळत घालायचा. समोरून तो आला की बायका पोरांना पाठीआड घ्यायच्या.

प्रश्न ऐकून ईसाकुने हातातलं रताळं खाली ठेवलं. तोंडातला घास सावकाश चावला, गिळला.

"कुणाची गं तू?"

"उराबेंची. वरच्या आळीतल्या."

"मुखियाची पोर?" त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "या गावात पाऊल टाकल्यापासून मला सगळे हेच विचारतायत. कुणी डोळ्यांनी विचारतं, कुणी पाठ फिरवून विचारतं. तोंडाने विचारणारी तू पहिली."

सावाकोचा खणखणीत आवाज आता कुठल्या कुठे गेला होता. "ते... मैत्रिणींनी पैज लावली म्हणून..."

"काय लावलंय पैजेला?"

"एक भाजलेलं रताळं."

"स्वस्तात काम करवून घेतलं की!" ईसाकु हसला. मग हसू पुसून म्हणाला, "बस. उत्तर हवं असेल तर बसून ऐक. उभ्याने ऐकशील तर पडशील."

थडग्यांशेजारच्या देवळाच्या भिंतीमागून दोन डोकी डोकावत होती. त्यांना दिसेल अशी ऐटीत सावाको बसली.

"दक्षिणेतलं एक बेट," ईसाकु सांगू लागला. "नाव कशाला? आमची हाडं सोडली तर आमचं तिथे आता काही नाही. शेवटी शेवटी आम्ही एका गुहेत होतो. माझा पाय सडलेला, त्यात किडे वळवळायचे. साहेबाने प्रत्येकाच्या हातात एकेक हातबॉम्ब ठेवला. म्हणाला, जिवंत सापडाल तर घरच्यांना गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. आणि सगळ्यांच्या आधी त्याने स्वतःचा फोडला. मग बाकीच्यांनी. कुणी आई म्हणालं, कुणी काहीच म्हणालं नाही. मीही माझा छातीशी धरला. खीळ ओढणार, तेवढ्यात शेजारचा पोरगा कुत्र्यासारखा माझ्यावर पडला आणि इथे कडकडून चावला. हे बघ."

त्याने बाही सारली. मनगटावर दातांचा अर्धगोल व्रण होता, अगदी रेखीव. आणि वरच्या ओळीत, मधोमध, एका दाताची जागा कोरी होती.

सावाकोने पुढे वाकून पाहिलं.

हा चावा तिच्या ओळखीचा होता. दादा रताळं खायचा तेव्हा प्रत्येक चाव्याच्या मधोमध एक बारीक कड उभी राहायची, कारण लहानपणी धक्क्यावरून घसरून त्याने पुढचा दात पाडून घेतला होता. "दादाचं रताळं मी आंधळी असले तरी ओळखेन," असं म्हणून ती त्याला चिडवायची.

"हा चावा..." तिने त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"शिगेतोचा. तुझ्या दादाचा," ईसाकु म्हणाला. "बॉम्ब त्याने लांब फेकला. मला शिव्या घातल्या. 'ईसाकुदा, तुझं मढं ओढायला मला कोण मदत करणार, सगळे मेले की,' म्हणाला आणि रडला. मग मला पाठुंगळी घेतलं आणि बाहेर पडला. हातात बांबू, बांबूला पांढरं फडकं. पांढरं कापड तरी दुसरं कुठलं असणार? त्याचा लंगोट होता. सम्राटांच्या शूर फौजेचा शेवटचा झेंडा!" तो पुन्हा हसला, पण डोळे हसले नाहीत. "तर पोरी, मी मेलो का नाही? तुझ्या दादाने मरू दिलं नाही म्हणून."

सावाकोने मान वळवली. वरच्या ओळीत, चार पावलांवर, दुसरा एक दगड होता: उराबे शिगेतो. दीड वर्षांपूर्वी दादाच्या अस्थींची पांढरी पेटी घरी आली, त्या दिवशी याच दगडासमोर ती सगळ्यांत ताठ उभी होती. अश्रूचा एक थेंब न गाळता. मुखियाच्या मुलीने रडायचं नसतं. 'शेवटच्या गोळीपर्यंत लढला,' असं बाबांनी भाषणात सांगितलं होतं, आणि तिने त्यावर शाळेत निबंध लिहून बक्षीस मिळवलं होतं!

"मग तो छावणीत वारला का?"

ईसाकुने बाही खाली ओढली.

"काका, पुढे काय झालं?"

"छावणीत सगळ्यांनी खोटी नावं लावली. आपण जिवंत आहोत हे घरी कळू नये, घरच्यांची मान खाली जाऊ नये, म्हणून. मी एका सुमो पैलवानाचं नाव लावलं होतं, हा असा काटकुळा! शिगेतोने साधंच घेतलं. मोरी." एवढं बोलून त्याने रताळं पुन्हा हातात घेतलं. "याच्या पुढचं मी बोलणार नाही. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"रोज ज्याच्या समोर बसून जेवतेस त्याला. तुझ्या बापाने होडीघरात येऊन माझ्यापुढे वाळूत डोकं टेकलं, पोरी. सबंध गावाला उठबस करायला लावणारा माणूस! त्याला नाही कसं म्हणू?"

*

"काय म्हणाला? काय म्हणाला?" देवळामागे दोघी तिच्यावर तुटून पडल्या.

"म्हणाला..." सावाकोने एकदा थडग्यांकडे वळून पाहिलं. "म्हणाला, थडगं अंगाला आखूड होतं, म्हणून परत आलो."

तोमिए एवढी खिदळली की तिला उचकी लागली. मित्सुयोही हसली, पण लगेच तिने सावाकोचा हात धरला. "ए, तुझा हात बर्फासारखा का गं? घाबरलीस? जाऊ दे, रताळं दिलं तुला. आणि हो, आजीने तुझ्या आईसाठी मुळ्याचं लोणचं दिलंय, घरी जाताना घेऊन जा. आजी म्हणते, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. गेलेल्या पोराला जिवंत माणसासारखं ताट मांडते म्हणे."

सावाको जागच्या जागी थांबली.

घरातला माणूस दूर गेला की त्याच्या जागेवर रोज ताट मांडायचं आणि त्याच्या वाटीवर झाकण ठेवायचं, ही त्यांच्या बेटावरची जुनी रीत. जेवणं झाली की आई झाकण उचलून बघते. आतून वाफेचे थेंब जमले असले की माणूस सुखरूप. लढाईच्या दिवसांत घरोघरी अशी ताटं होती. आणि मरणाचं पत्र आलं की ताट उठायचं. मग त्या माणसाचा भात पूर्वजांच्या देव्हाऱ्यात जायचा आणि खायच्या दोन काड्या त्या भातात उभ्या रोवल्या जायच्या. काड्या आडव्या ठेवायच्या त्या जिवंतांच्या, उभ्या रोवायच्या त्या मेलेल्यांच्या. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

दादाचं पत्र आलं तेव्हा आईनेही काड्या उभ्या केल्या होत्या. सबंध वर्षभर रोज. आणि या उन्हाळ्यात एका संध्याकाळी अचानक दादाचं ताट पुन्हा त्याच्या जागेवर आलं. झाकणासकट. "आई, हे काय?" असं सावाकोने विचारलं, तर बाबा म्हणाले, "असू दे. तिच्या मनाला बरं वाटतं." केव्हा बरं हे? पितरांच्या दिवसांच्या आदल्या आठवड्यात. आणि या वर्षी पितरांना घरची वाट दिसावी म्हणून दारात पेटवायचा जाळही आईने पेटवला नव्हता! जळणाच्या काड्या दमट आहेत म्हणाली होती. दमट? त्या कडक उन्हात?

आणि त्याच दिवसांत बाबा धक्क्यावरून बोडक्या डोक्याने घरी आले होते. गवती टोपी वाऱ्याने उडाली म्हणाले. पानही हलत नव्हतं त्या दिवशी.

ही सगळी चित्रं तिच्या डोळ्यांसमोर एकामागून एक येऊन आदळली. मित्सुयो काहीतरी बोलत होती, ते तिला ऐकूच आलं नाही.

*

घराच्या फाटकाच्या खांबावर पाटी होती: 'वीराचं घर.' सावाको दीड वर्ष रोज सकाळी ती ओल्या फडक्याने पुसायची. आज ती पाटीकडे न बघता आत शिरली.

दिवेलागणीला जेवण मांडलं. जवाचा भात, रताळ्याचे तुकडे, सुक्या मासळीचं पातळ कालवण. बाबा आपल्या जागेवर. समोर दादाची रिकामी गादी, तिच्यापुढे ताट, वाटीवर झाकण, काड्या आडव्या. मित्सुयोच्या आजीचं लोणचं मधोमध.

"आज तोंडाला कुलूप?" बाबा म्हणाले. "भाषणं संपली वाटतं."

सावाको हसली नाही. सरळ विचारावं असं तिने वाटेत ठरवलं होतं. पण विचारलं तर बाबा 'नाही' म्हणतील, आणि बाबांचा 'नाही' म्हणजे दगडावर कोरलेलं नाव. ती गुडघ्यांवर सरकत दादाच्या ताटापाशी गेली. झाकण उचलून बाजूला ठेवलं. त्याच्या काड्या उचलल्या आणि दोन्ही एकदम, खसकन, भातात उभ्या रोवल्या.

"अगं, काय करतेस!" आई किंचाळली. आयुष्यात कधी आवाज न चढवणारी आई! वाघिणीसारखी झेप घेऊन तिने काड्या उपटल्या, भात चटईवर सांडला. "जित्याजागत्या पोराच्या भातात... अशुभ कुठली! माझ्या जिवंत पोराच्या..."

आणि ती थांबली. तिचा हात तोंडावर गेला.

चुलीतली राख खचली.

सावाकोला वाटत होतं की आपल्याला हे माहीतच आहे, ईसाकुकडून निघाल्यापासून आपण हेच जुळवत आलोय. पण ते आईच्या तोंडून ऐकणं वेगळं होतं. दादा जिवंत आहे. आणि यांना माहीत होतं. रोज तिच्यासमोर बसून, 'कालवण वाढ', 'मीठ कमी पडलंय' असं बोलताना यांना माहीत होतं!

"कुठे आहे तो?" तिचा आवाज तिलाच परका वाटला.

बाबांनी वाटी खाली ठेवली. "तुला कुणी सांगितलं? कुमेने?"

"त्याने तुमचा शब्द पाळला. सांगितलं ते आईने, आत्ता. कुठे आहे दादा?"

"समोरच्या किनाऱ्यावर," आईच बोलली. "मिठागरात खोट्या नावाने खारी वाळू ओढतो. आला होता गं. मी वर संत्र्यांच्या बागेत होते. बोटीतून उतरताना लांबून त्याचा खांदा दिसला मला, तो डावा खांदा उडवत चालतो ना... मी धावत खाली येईपर्यंत बोट निघाली होती."

"निघाली होती? एवढ्यात परत? म्हणजे..." सावाकोने वडिलांकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही त्याला घालवून दिलंत?"

गेन्जिरो उराबे हा माणूस कधी मान खाली घालत नसे. आता त्याने घातली.

"त्याच्या डोक्यावर माझी टोपी घातली, कुणी ओळखू नये म्हणून. आणि पुन्हा बोटीत बसवलं. 'आईला नुसतं बघून जातो,' म्हणाला. मी तेही करू दिलं नाही."

"का?"

"का विचारतेस?" बाबांचा आवाज फाटला. "या धक्क्यावरून प्रत्येक पोराला निरोप मी दिला. प्रत्येकाला म्हणालो, हाडं होऊन परत ये, जिवंत परत येऊ नकोस. माझ्या तोंडाने म्हणालो! मित्सुयोच्या बापाची पेटी आली तेव्हा तिची आजी त्या पेटीला कवटाळून रडली. मी सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडलो. म्हणालो, वीराच्या आईला हे शोभत नाही, उठ. आणि ती उठली, पोरी. डोळे पुसून मला वाकून नमस्कार केला तिने." त्यांनी लोणच्याच्या भांड्याकडे बोट केलं. "अजून माझ्या घरी लोणचं पाठवते. तिला मी काय सांगू? तुझा मेला, माझा मात्र लंगोट फडकवत परत आला? मान कशी वर करू?"

"शिगेतोच्या पेटीत काय होतं ते तरी सांगा सावाकोला," आई हळूच म्हणाली.

"काय होतं?" सावाकोने विचारलं.

"पोवळ्याचा एक खडा," बाबा म्हणाले. "कुठल्यातरी किनाऱ्यावरचा. मी एकट्याने उघडून पाहिलं आणि पुन्हा बांधून टाकलं. त्याच्यावर भाषण केलं."

सावाकोला हसू येतंय की रडू, तिलाच कळेना. खड्यावर भाषण आणि भाषणावर तिचा निबंध. ती दीड वर्ष ज्याच्यापुढे ताठ उभी राहिली तो खडा होता, आणि ज्याच्यासाठी रडायचं राहून गेलं तो खाडीपलीकडे मीठ ओढत होता, बाबांची टोपी घालून. इतके दिवस तिला वाटायचं, आपल्या घरात सगळ्यांत धीट आपण. आणि धीट तर तो होता. साहेबाचं ऐकून मरणं सोपं होतं. लंगोट काठीला बांधून, सडक्या पायाचा माणूस पाठीवर घेऊन, बंदुकांसमोर उजेडात चालत जाणं...

तिने चटईवर सांडलेला भात शिताशिताने वेचला आणि वाटीत भरला. काड्या पुसल्या, आडव्या ठेवल्या. मग गुडघे जुळवून आईवडिलांसमोर नीट बसली. हात मांडीवर.

"बाबा, आई, मी उद्या शाळेत जाणार नाही."

"सावाको..."

"मधे बोलू नका बाबा, नाहीतर मला रडू येईल. सकाळच्या बोटीने मी मिठागरावर जाणार. मोरी नावाच्या माणसाला शोधणार आणि त्याला एकच विचारणार: घरी येतोस का? आला तर भर दिवसा, धक्क्यावरून, सगळ्या गावासमोरून घेऊन येईन. टोपी न घालता. लोकांनी दारं लावली तर लावू देत. नाही म्हणाला तर परवा पुन्हा जाईन. विचारायला मी आता घाबरत नाही."

आईचे खांदे हलत होते. बाबा लोणच्याच्या भांड्याकडे बघत होते.

"पण त्याच्या आधी, आत्ता, हे भांडं धुऊन मी मित्सुयोच्या आजीकडे परत द्यायला जाणार आहे. दादाचं तिला पहिल्यांदा मी सांगणार. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिला कळता कामा नये. ती मला मारेल, नाहीतर रडेल. रडली तर मी तिला गप्प करणार नाही." तिने एक दीर्घ श्वास घेतला. "बाबा, तुम्हाला यायचं असेल तर चपला घाला. मी फाटकाशी थांबते."